कवटीचा तळ व मान यांतील नीलारचना

मेंदू, डोळे, चेहरा आणि डोक्याची त्वचा यांतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नीलांचे जाळे कवटीच्या तळाशी एकत्र येते आणि मानेतून छातीत उतरते. प्रौढ माणसाच्या मेंदूला दर मिनिटाला सुमारे ७०० ते ७५० मिलिलिटर रक्त मिळते व तेवढेच परत जावे लागते. कवटी हाडाची बंद पेटी असल्याने हा निचरा अडला, तर आतील दाब वाढतो. रोहिण्यांची मांडणी बहुतेक माणसांत सारखी असते. नीलांचे तसे नाही. कवटीच्या तळाशी डावी व उजवी बाजू क्वचितच समान असते आणि पाठ्यपुस्तकातील आकृतीशी तंतोतंत जुळणारी व्यक्ती विरळाच आढळते. त्यामुळे एखाद्या रुग्णाच्या चित्रणात दिसलेला फरक हा जन्मजात रचनाभेद आहे की आजार, हा प्रश्न मेंदूविकार, कान-नाक-घसा, भूल व शल्यचिकित्सा या सर्व शाखांत वारंवार उभा राहतो. त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते व दोन्ही चुकांची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

संज्ञा

मराठी वैद्यकीय लेखनात शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी व परतीचे रक्त आणणाऱ्या वाहिनीस नीला म्हणतात. ‘नीला’ हा शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना मिळून चार मर्मे सांगितली असून त्यांतील दोहोंना ‘नीला’ व दोहोंना ‘मन्या’ असे नाव आहे. तेथे इजा झाल्यास वाचा जाणे, आवाज बदलणे व चव न कळणे ही लक्षणे दिली आहेत. ही लक्षणे शिरांपेक्षा त्यांच्या शेजारून जाणाऱ्या तंत्रिकांच्या इजेशी अधिक जुळतात. म्हणून त्या ग्रंथातील नीला म्हणजेच आजची ग्रीवा नीला, असे सरळ समीकरण मांडणे योग्य नाही.

कवटीच्या आतील मोठ्या नीलामार्गांना ‘सायनस’ म्हणतात. बोलीभाषेत ‘सायनसचा त्रास’ म्हटले की नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळ्या अभिप्रेत असतात. येथील सायनस त्याहून पूर्णपणे वेगळे आहेत. मेंदूवरील जाड आवरणाच्या, म्हणजे दृढतानिकेच्या, दोन पदरांमध्ये राहिलेल्या या रक्तवाही वाटा होत. त्यांच्या भिंतीत स्नायू नसतो, त्यांना झडपा नसतात आणि ताणलेल्या दृढतानिकेमुळे त्या सहसा मिटत नाहीत.

कवटीच्या आतील मार्ग

डोक्याच्या मध्यरेषेतून पुढून मागे जाणारा ऊर्ध्व सॅजिटल सायनस मेंदूच्या वरच्या भागाचे रक्त गोळा करतो. मेंदूच्या गाभ्यातील रक्त स्ट्रेट सायनसमधून मागे येते. डोक्याच्या मागच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या उंचवट्याच्या आतल्या अंगाला, हे दोन्ही मार्ग भेटतात. या संगमाला अलेक्झांड्रियाचा प्राचीन वैद्य हिरॉफिलस याचे नाव दिले जाते. संगम म्हटले तरी सर्व रक्त तेथे मिसळतेच असे नाही. अनेकांमध्ये ऊर्ध्व सॅजिटल सायनसचे रक्त मुख्यतः उजवीकडे आणि स्ट्रेट सायनसचे डावीकडे वळते. काहींमध्ये दोन्ही मार्गांचा एकमेकांशी जवळपास संबंधच नसतो.

संगमापासून दोन्ही बाजूंना आडवे जाणारे ट्रान्सव्हर्स सायनस निघतात. कानामागे पोहोचल्यावर ते इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे वळण घेतात. या भागाला सिग्मॉइड सायनस म्हणतात. तो शंखास्थीच्या आतल्या बाजूस खोल खोबण करून खाली उतरतो आणि ग्रीवा रंध्रातून कवटीबाहेर पडतो. कान फुटून वर्षानुवर्षे वाहत राहिल्यास कानामागच्या हाडातील पू या सायनसपर्यंत पोहोचून तेथे गुठळी होऊ शकते. प्रतिजैविके येण्यापूर्वी हा कानाच्या आजाराचा एक जीवघेणा शेवट होता. वाहत्या कानाकडे दुर्लक्ष झाल्यास तो आजही घडतो.

या मार्गांत उजवी बाजू बहुधा मोठी असते. उजवीकडून हृदयाकडे जाणारी वाट जवळजवळ सरळ व आखूड आहे. डावीकडची वाट छातीत उरोस्थीच्या मागून आडवी जाऊन महारोहिणीच्या कमानीवरून पलीकडे पोहोचते.

कॅव्हर्नस सायनस

कवटीच्या तळाच्या मध्यभागी पोष ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस असतात. एवढ्या लहान जागेत इतक्या महत्त्वाच्या रचना शरीरात अन्यत्र क्वचितच सापडतात. अंतर्ग्रीवा रोहिणी आणि सहावी मस्तिष्क तंत्रिका या सायनसच्या आतून जातात. तिसरी, चौथी व पाचव्या तंत्रिकेच्या पहिल्या दोन शाखा त्याच्या बाहेरच्या भिंतीत असतात. म्हणून येथे गुठळी, गाठ किंवा संसर्ग झाला की डोळ्यांच्या हालचाली बिघडतात. सहावी तंत्रिका प्रत्यक्ष सायनसच्या पोकळीत असल्याने डोळा बाहेरच्या बाजूला वळवता न येणे हे बऱ्याचदा पहिले लक्षण ठरते.

डोळ्याच्या खोबणीतील नीला पुढून येथे उघडतात. खालून जबड्यामागचे टेरिगॉइड नीलाजाल जोडलेले असते. मागील बाजूस दोन पेट्रोझल सायनस रक्त बाहेर नेतात. त्यांतील वरचा ट्रान्सव्हर्स व सिग्मॉइड यांच्या सांध्याशी आणि खालचा ग्रीवा कंदाशी जाऊन मिळतो. उजवा व डावा कॅव्हर्नस सायनस पोष ग्रंथीच्या पुढून व मागून परस्परांशी जोडलेले असतात. एका डोळ्याला आलेली सूज एक-दोन दिवसांत दुसऱ्या डोळ्यात उतरली, तर तो कॅव्हर्नस सायनसमधील गुठळीचा मोठा पुरावा मानला जातो.

नाक आणि वरच्या ओठाभोवतीच्या त्रिकोणी भागातील फोड फोडू नये, हा सल्ला याच जोडणीवरून आला. या नीलांना झडपा नसल्याने रक्त उलटे वाहते, असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. एकविसाव्या शतकातील सूक्ष्म अभ्यासांत मात्र चेहऱ्याच्या व डोळ्याच्या नीलांत झडपा आढळल्या आहेत. संसर्ग आत जातो याचे खरे कारण वाटा परस्परांशी जोडलेल्या असणे हे आहे. स्पष्टीकरण बदलले तरी फोड न फोडण्याचा सल्ला कायम आहे.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’, या आजाराने महाराष्ट्रात मोठा फटका दिला. मधुमेह व स्टेरॉइडचा वापर असलेल्या रुग्णांत ही बुरशी नाकाभोवतीच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत आणि तेथून कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरत असे. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींतच वाढते व त्या बंद पाडते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. अनेक रुग्णांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. एरवी केवळ परीक्षेपुरती वाचली जाणारी ही शरीररचना त्या काळात सामान्य कुटुंबांच्या बोलण्यात आली.

दुचाकीच्या अपघातात कवटीच्या तळाला तडा जाऊन सायनसमधील रोहिणी फाटल्यास रोहिणीचे जोरदार रक्त थेट नीलांत शिरते. डोळा लाल होऊन पुढे येतो, नाडीबरोबर धडधडतो आणि रुग्णाला डोक्यात सतत फुत्कार ऐकू येतो.

ग्रीवा रंध्र, ग्रीवा कंद व निर्गामी नीला

शंखास्थी व पश्चकपालास्थी यांच्यामधील वेड्यावाकड्या फटीला ग्रीवा रंध्र म्हणतात. त्यातून नववी, दहावी व अकरावी मस्तिष्क तंत्रिका आणि सिग्मॉइड सायनस बाहेर येतात. रंध्राखाली नीला फुगून ग्रीवा कंद तयार होतो. जन्मतः हा कंद नीट तयार झालेला नसतो. बाळ उभे राहू-चालू लागल्यानंतरच्या वर्षांत तो आकार घेतो.

कंदाचा घुमट वर किती चढतो, यात मोठा फरक आढळतो. काही व्यक्तींमध्ये तो मध्यकर्णाच्या तळापर्यंत पोहोचतो आणि क्वचित दोहोंमधील हाडाचा पातळ पडदाही नसतो. अशा वेळी कानाच्या पडद्यामागे निळसर उंचवटा दिसतो. रुग्णाला नाडीच्या तालात आवाज ऐकू येऊ शकतो किंवा काहीच त्रास नसतो. कानात पाणी साचले आहे असे समजून पडद्याला छेद दिला, तर नीलेतून मोठा रक्तस्राव होतो. याच जागी होणारी ग्लोमस गाठही पडद्यामागे लालसर रंगाने दिसते, त्यामुळे सुई लावण्यापूर्वी सीटी स्कॅन पाहणे आवश्यक ठरते.

कवटीच्या हाडांना आरपार छेदून आतील सायनस बाहेरच्या नीलांशी जोडणाऱ्या लहान वाहिन्यांना निर्गामी नीला म्हणतात. कानामागील मॅस्टॉइड, मानेच्या वरच्या टोकाशी असणारी कंडायलर आणि जतुकास्थीतील व्हेसालियस रंध्रातून जाणारी या त्यांतील प्रमुख होत. कोणाला त्या असतात, कोणाला नसतात. कोणाला एका बाजूला दोन असतात. एरवी त्या धाग्याएवढ्या असतात. ग्रीवा रंध्र जन्मतः अरुंद असल्यास मात्र त्याच मुख्य वाट बनून बोरूएवढ्या जाड होतात. अशा रुग्णात कानामागून मेंदूची शस्त्रक्रिया करताना मॅस्टॉइड नीला सहज तोडली गेली, तर रक्तस्राव होतोच. शिवाय रुग्णाला बसवून शस्त्रक्रिया चालू असेल तर उघड्या नीलेतून हवा ओढली जाऊन हृदयापर्यंत पोहोचू शकते.

मानेतील नीला

अंतर्ग्रीवा नीला ग्रीवा कंदापासून सुरू होऊन ग्रीवा रोहिणी व दहावी तंत्रिका यांच्यासह एकाच आवरणातून खाली येते. वाटेत तिला चेहरा, जीभ, घसा व अवटू ग्रंथी यांतील नीला मिळतात. गळ्याच्या हाडाच्या आतल्या टोकामागे ती हाताकडून येणाऱ्या नीलेला मिळते. तिच्या खालच्या टोकाजवळ झडप असते. डावीकडे या संगमातच छातीतील मुख्य लसीकावाहिनी उघडते, म्हणून डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत तिलाही जपावे लागते.

बहिर्ग्रीवा नीला त्वचेखालून मानेच्या मोठ्या तिरप्या स्नायूवरून जाते. गाताना किंवा जोराने ओरडताना मानेवर उठून दिसणारी शीर हीच. ती मानेच्या तळाशी खोल आवरणाला भोक पाडून आत शिरते. तेथे आवरण तिच्या भिंतीला चिकटलेले असल्याने कापली गेल्यास ती मिटत नाही, उघडीच राहून हवा ओढते. अग्र ग्रीवा नीला मध्यरेषेजवळून उतरतात व उरोस्थीच्या वर एका आडव्या फांदीने जोडल्या जातात. श्वासनलिकेला छिद्र करताना ही फांदी शल्यचिकित्सकाच्या वाटेत येते.

मानेत वरवरच्या नीलांत सर्वाधिक वैविध्य आढळते. चेहऱ्याची नीला अंतर्ग्रीवेऐवजी बहिर्ग्रीवेला मिळू शकते. बहिर्ग्रीवा दुहेरी असू शकते किंवा एका बाजूला नसतेही. अंतर्ग्रीवा नीला दुभंगलेली असणे विरळ आहे. तशी असेल तेव्हा अकरावी तंत्रिका कधी कधी त्या दुभागातून आरपार जाते. मानेतील गाठी काढताना ही गोष्ट ध्यानात न आल्यास तंत्रिका तुटते व रुग्णाचा हात खांद्यावर नीट उचलला जात नाही.

उजवी अंतर्ग्रीवा नीला हृदयाच्या उजव्या कप्प्याशी जवळजवळ सरळ रेषेत असल्याने ती जणू नैसर्गिक दाबमापक आहे. रुग्णाला ४५ अंशांत टेकवून तिच्यातील स्पंदन किती वर दिसते ते मोजतात. उरोस्थीच्या कोनापासून ते साधारण ३ ते ४ सेंटिमीटरांहून वर असेल, तर हृदयावर दाब वाढल्याचे समजते. कोणत्याही यंत्राशिवाय तालुक्याच्या दवाखान्यातही करता येणारी ही तपासणी आहे, आणि ती अलीकडे अकारण मागे पडली आहे.

उभे व आडवे

मेंदूचे रक्त ग्रीवा नीलांतूनच उतरते हे वर्णन मुख्यतः आडव्या माणसाला लागू पडते. पाठ्यपुस्तकांतील ज्ञान टेबलावर आडव्या ठेवलेल्या मृत शरीरांवरून आले, हे त्याचे एक कारण. उभे राहिल्यावर मानेतील ग्रीवा नीला बऱ्याच अंशी मिटतात आणि रक्त मणक्यांभोवतीच्या मेरुदंडीय नीलाजालातून खाली जाऊ लागते. जिवंत व्यक्तींवरील सोनोग्राफीने हे दाखवून दिले आहे. हे जाळे कवटीपासून माकडहाडापर्यंत अखंड पसरलेले व झडपाविरहित आहे. ऑस्कर बॅट्सन याने १९४० मध्ये दाखवले, की प्रोस्टेटसारख्या ओटीपोटातील अवयवांचा कर्करोग याच वाटेने मणक्यांत पोहोचू शकतो.

रचनाभेदांचा उगम

भ्रूणाच्या डोक्याभोवती सुरुवातीला नीलांचे दाट जाळे असते. मेंदू वाढतो, कवटी आकार घेते, हृदय खाली सरकते आणि ज्या वाटेने रक्त अधिक वाहते ती रुंदावत जाते, उरलेल्या आक्रसतात. रोहिण्यांच्या तुलनेत नीलांतील दाब कमी असल्याने कोणती वाट टिकेल हे लहानसहान फरकांवर ठरते. जन्मापूर्वी मिटायची एखादी वाट, उदाहरणार्थ मागच्या बाजूचा ऑक्सिपिटल सायनस, काहींत मोठी राहते. डाव्या बाजूची ऊर्ध्व महानीला टिकून राहणे हे आणखी एक उदाहरण. साधारण लोकसंख्येत ते ०.३ ते ०.५ टक्के व्यक्तींत आढळते. अशा व्यक्तीच्या मानेत डावीकडून नळी घातल्यास एक्स-रेमध्ये ती हृदयाच्या डाव्या कडेने उतरलेली दिसते आणि नळी रोहिणीत गेली की काय अशी शंका येते.

रचनाभेद की आजार

सर्वांत जास्त गोंधळ डाव्या ट्रान्सव्हर्स सायनसबाबत होतो. निरोगी व्यक्तींतही तो बऱ्याचदा अरुंद असतो व काहींमध्ये जवळपास नसतोच. नीलांच्या एमआरआयची नेहमीची पद्धत रक्ताच्या वेगावर चित्र उभे करते. अरुंद वाटेत रक्त हळू वाहते, त्यामुळे सुमारे ३० टक्के निरोगी व्यक्तींच्या चित्रात लहान बाजूच्या सायनसमध्ये खंड दिसतो. डोकेदुखीसाठी केलेल्या तपासणीत असा खंड आला आणि त्याला गुठळी मानले गेले, तर रुग्णाला महिनोन्‌महिने रक्त गोठू न देणारी औषधे घ्यावी लागतात. त्यांचा रक्तस्रावाचा धोका आजार नसताना सोसावा लागतो.

उलट चूक अधिक घातक आहे. भारतात मेंदूच्या नीलांतील गुठळी आणि बाळंतपण यांचा संबंध अनेक दशकांपासून नोंदवला गेला आहे. गरोदरपणात व प्रसूतीनंतरच्या सुमारे सहा आठवड्यांत रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात पाण्याची कमतरता, रक्तक्षय व जंतुसंसर्ग यांची भर पडते. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही जुनी समजूत काही घरांत अजून पाळली जाते, तिचाही वाटा आहे. डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, झटके येणे व एका बाजूची शक्ती जाणे ही लक्षणे असतात. झटके आल्यावर ते रक्तदाब वाढून येणाऱ्या एक्लॅम्पसियाचे समजले जातात. सिझेरियननंतरची डोकेदुखी पाठीतील भुलेच्या इंजेक्शनवर ढकलली जाते. भुलेनंतरची डोकेदुखी उठून बसल्यावर वाढते व आडवे झाल्यावर उतरते. गुठळीची डोकेदुखी बऱ्याचदा आडवे झाल्यावर वाढते. एवढ्या एका प्रश्नाने पुढची दिशा ठरू शकते. निदान झाल्यावर हेपॅरिन देतात. नीला तुंबल्याने मेंदूत थोडा रक्तस्राव झालेला असला तरीही देतात, कारण मूळ कारण गुठळी हेच असते. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव आणि शेजारचा पाथर्डी हे अवर्षणप्रवण तालुके असून येथून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. शेवगावहून जिल्ह्याचे ठिकाण साठ-पासष्ट किलोमीटर दूर आहे. कोपीत बाळंतपण झालेल्या किंवा प्रसूतीनंतर लगेच फडावर परतलेल्या स्त्रीच्या डोकेदुखीची दखल उशिरा घेतली जाणे अशा ठिकाणी सहज संभवते. तिची पहिली तपासणी एमआरआय नव्हे, तर साधा सीटी स्कॅन असण्याची शक्यता अधिक. या परिस्थितीत नीलारचनेचे ज्ञान प्रत्यक्ष उपयोगी पडते. सायनस जन्मतः लहान असेल, तर त्याच्यासाठी हाडात पडलेली खोबण व ग्रीवा रंध्रही लहान असते. खोबण व रंध्र ऐसपैस असून त्यात रक्त वाहताना दिसत नसेल, तर मार्ग पूर्वी मोठा होता आणि आता बंद पडला आहे, असा अर्थ निघतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये ताजी गुठळी सायनसमध्ये पांढरट दिसू शकते. औषध टोचून काढलेल्या चित्रात ऊर्ध्व सॅजिटल सायनसचा मध्य काळा व कडा उजळ असा रिकामा त्रिकोण दिसतो. तरीही साधा सीटी स्कॅन निर्दोष आला म्हणून गुठळी नाही असे म्हणता येत नाही. लक्षणे जुळत असतील तर पुढे पाठवणेच योग्य.

रचनाभेदालाच आजाराचे कारण मानण्याचे एक गाजलेले उदाहरण २००९ नंतर घडले. इटलीतील शल्यचिकित्सक पाओलो झांबोनी यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार मान व छाती यांतील नीला अरुंद असल्यामुळे होतो, असे मांडले. त्यानंतर जगभरातील रुग्णांनी नीला फुगवून घेण्यासाठी पैसे मोजले. काही जण त्यासाठी भारतातही आले. पुढील अभ्यासांत असे अरुंदपण निरोगी व्यक्तींतही सापडले. इटलीतच झालेल्या व स्वतः झांबोनी सहभागी असलेल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष २०१८ पर्यंत प्रसिद्ध झाले. त्यांत या उपचाराचा लाभ दिसला नाही.

सर्वच अरुंदपण निरुपद्रवी असते असेही नाही. कारण न सापडता कवटीतील दाब वाढून दृष्टी जाऊ लागलेल्या रुग्णांत, विशेषतः स्थूल तरुण स्त्रियांत, दोन्ही ट्रान्सव्हर्स सायनस अरुंद आढळतात. अरुंदपणामुळे दाब वाढतो की दाबामुळे सायनस चेपतात, यावर अद्याप मतभेद आहेत. निवडक रुग्णांत मात्र तेथे स्टेंट बसवल्याने दृष्टी वाचते.

शस्त्रक्रिया व उपचारांतील महत्त्व

अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये तोंड व घशाच्या कर्करोगासाठी मानेतील गाठी काढण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात अंतर्ग्रीवा नीला, मानेचा तिरपा स्नायू व अकरावी तंत्रिका हे सर्व काढले जाई. एका बाजूची नीला गेल्याने बहुतेकांना फारसा त्रास होत नाही. दोन्ही बाजूंच्या एकदम गेल्यास चेहरा सुजतो, मेंदूतील दाब वाढतो आणि क्वचित अंधत्व येते. म्हणून शक्य तेथे एका बाजूची नीला राखतात किंवा दोन शस्त्रक्रियांमध्ये काही आठवडे जाऊ देतात. तेवढ्या काळात मेरुदंडीय जाळे व निर्गामी नीला रुंदावतात. तंबाखू व गुटख्यामुळे होणाऱ्या मुखकर्करोगाचे प्रमाण महाराष्ट्रात मोठे असल्याने हा प्रश्न येथील शल्यचिकित्सकांपुढे नेहमी येतो; मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून अशा रुग्णांवर उपचार करत आहे. आता बहुतेक ठिकाणी नीला, स्नायू व तंत्रिका यांपैकी जे वाचवता येईल ते वाचवले जाते. कोणती बाजू राखायची हे ठरवताना मोठी नीला कोणती आहे, हे आधी पाहिले पाहिजे. लहान बाजू राखून मोठी काढली गेली, तर राखल्याचा उपयोग थोडा.

अतिदक्षता विभागात व तातडीच्या डायलिसिससाठी नळी घालताना उजव्या अंतर्ग्रीवा नीलेला प्राधान्य देतात. ती मोठी व सरळ असते. डावीकडे लसीकावाहिनी असते व फुप्फुसाचे आवरणही थोडे वर आलेले असते. नीला साधारणतः ग्रीवा रोहिणीच्या बाहेरच्या अंगाला असते, पण काहींमध्ये ती थेट रोहिणीच्या वर येते. मान फार वळवल्यावर तर हमखास येते. हाडांच्या खुणांवरून सुई घातल्यास अशा रुग्णात रोहिणीला भोक पडते, म्हणून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालणे आता योग्य मानले जाते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४च्या कायद्यामुळे भारतात प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी व वापरावर नियंत्रण आहे. कायद्याचा हेतू महाराष्ट्रासारख्या राज्यात निर्विवाद आवश्यक आहे. मात्र लहान रुग्णालयातील भूलतज्ज्ञाच्या हाती यंत्र नसण्यामागे किमतीबरोबर हेही एक कारण असते.

घशाच्या संसर्गानंतर काही दिवसांनी मानेची एक बाजू दुखू लागून थंडी-ताप आल्यास अंतर्ग्रीवा नीलेत संसर्गयुक्त गुठळी झाल्याची शक्यता असते. फ्रेंच वैद्य आंद्रे लेमिएर यांनी १९३६ मध्ये वर्णन केलेला हा आजार विरळ असला तरी तरुणांत होतो. त्यात गुठळीचे तुकडे फुप्फुसांत जातात.

अभ्यासाची साधने

मृत्यूनंतर नीला रिकाम्या होऊन चपट्या होतात. त्यामुळे विच्छेदनात त्या रोहिण्यांपेक्षा हाती लागण्यास कठीण असतात व विद्यार्थी बऱ्याचदा त्या कापून बाजूला काढतात. रंगीत द्रव्य भरून त्या फुगवल्यावरच त्यांची खरी मांडणी दिसते. कोरड्या कवटीवरील ग्रीवा रंध्र व सायनसच्या खोबणी यांची दोन्ही बाजूंची मापे घेणे हा त्याहून सोपा मार्ग आहे. अशी मापे महाविद्यालयांच्या शरीररचना विभागात साठवलेल्या कवट्यांवर घेता येतात. पश्चिम भारतात आधुनिक शरीररचनेचे अध्यापन १८४५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापासून रुजले. बेवारस मृतदेह व देहदान यांचा कायदेशीर पाया १९४९च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने घातला. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून या भागातील विद्यार्थ्यांनाही विच्छेदनाची सोय जवळ उपलब्ध झाली. जिवंत व्यक्तींतील रचनाभेद मात्र आता मुख्यतः सीटी व एमआरआय व्हेनोग्राफीतूनच अभ्यासले जातात; त्यांत रुग्ण आडवा असतो, हे चित्र वाचताना लक्षात ठेवावे लागते.